कायम न झालेलं इतिवृत्त

माणसं मोजायचं काम मी एकोणतीस वर्षं केलं. आमच्या राजधानीच्या नगरसभेत महापौरांच्या उंच खुर्चीखाली एक लहानसं टेबल आहे. त्यावर हिरवं कापड, आणि कापडावर माझ्या डाव्या कोपराने घासून घासून पडलेला पांढुरका डाग. सभेची घंटा वाजली की मी डोकी मोजायची. एकूण नगरसेवक तेवीस. त्यातले बारा आत असले तर ती सभा, अकरा असले तर नुसती बसलेली माणसं.

एखादी गोष्ट आमच्या शहरात घडायची तर तिला बरीच दारं ओलांडावी लागतात. आधी प्रभागातल्या बायकांच्या तोंडून ती नगरसेवकाच्या कानी जाते. मग आरोग्य समिती, मग वित्त समिती, मग पूर्ण सभा. सभेत हात वर झाले, ठराव मंजूर झाला, तरी तो अजून पाळण्यात असतो. मी त्या सभेचं इतिवृत्त लिहितो, पुढच्या महिन्याच्या सभेत ते वाचून दाखवतो, सभा म्हणते, 'कायम', महापौर खाली सही करतात, आणि तेव्हा कुठे नगर-सचिव आदेश काढतो. दोन सभांच्या मधला तो एक महिना ठरावाचा जीव माझ्या खणात असतो. खणाची किल्ली मी गळ्यात घालायचो. बायको हसायची. म्हणायची, "लोक गळ्यात क्रूस घालतात, आमच्या ह्यांचं बघा."

शोराई माद्झिविरे अकराव्या प्रभागातून निवडून आल्या तेव्हा साठीच्या पुढे होत्या. त्याआधी वीस वर्षं त्या चिटुंगो वस्तीतल्या दवाखान्यात फरशी पुसायच्या. सगळं शहर त्यांना आंबुया म्हणायचं. आंबुया म्हणजे आजी, आणि सासूलाही आम्ही तेच म्हणतो. लिहितावाचता येत होतं, पण चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, त्यामुळे कागद वाचताना त्या मान वाकडी करायच्या, कोंबडी दाणा बघते तशी.

त्यांची मागणी एकच होती. चिटुंगोच्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली साडेचारला बंद होते, ती बंद होऊ नये. साडेचारनंतर ज्या बाईला कळा येतात तिने सतरा किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात जायचं. बस मिळाली तर बसने. आंबुयांनी वीस वर्षं ती खोली पुसली होती, साडेचारला कुलूप लागताना पाहिलं होतं, आणि कुलपासमोरून पोट धरून माघारी वळणाऱ्या पोरी पाहिल्या होत्या. त्या सभेत म्हणाल्या होत्या, "महापौरसाहेब, पोटातल्या लेकराला घड्याळ कळत नाही. आपण त्याला शिकवू म्हणता का?"

चार वेळा हा विषय आला. आरोग्य समितीने वित्त समितीकडे पाठवला, वित्त समितीने परत आरोग्य समितीकडे. दोन परिचारिकांचा पगार आणि एक जनरेटर, एवढंच मागणं होतं. पाचव्या वेळी, सप्टेंबरच्या सभेत, तेरा विरुद्ध सहा मतांनी ठराव मंजूर झाला. आंबुया जागेवरच बसून राहिल्या. टाळी नाही, हसणं नाही. पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढून त्यांनी माझ्या टेबलावर मूठभर ठेवले.

"लिही नीट, जायरोस," म्हणाल्या. "एक अक्षर सांडू नकोस."

आता त्यांच्या जावयाचं सांगायला हवं. ताफुमा चिगवादा. आंबुयांच्या थोरल्या लेकीचा नवरा, चौदाव्या प्रभागाचा नगरसेवक, आणि पक्ष दुसरा. दांडगा गडी, बाजारात ट्रकचे टायर विकायचा, भांडायला उभा राहिला तर खिडक्यांच्या काचा हलायच्या. पण आमच्यात जावई सासूसमोर मान वर करत नाही. तिच्या डोळ्यांत बघत नाही, तिच्याशी समोरासमोर बोलत नाही, ती बसली असेल त्या चटईवर टेकत नाही. मग एका सभागृहात दोघं बसणार कशी? पहिल्याच दिवशी ताफुमाने आपली जागा बदलून मागितली आणि मागच्या दगडी खांबाआड जाऊन बसला. पाच वर्षं त्या खांबाआडून फक्त आवाज यायचा.

गंमत अशी, की नगरसभेचा नियम त्याला फार मानवला. आमच्याकडे एका सभासदाने दुसऱ्याशी थेट बोलायचं नसतं, जे काय ते महापौरांमार्फत. त्यामुळे घरी ज्या सासूपुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता तिच्याशी तो सभागृहात खुशाल वाद घालायचा.

"महापौरांमार्फत सन्माननीय सभासदांना विचारतो," खांब म्हणायचा, "जनरेटरला डिझेल कोण पुरवणार?"

"महापौरांमार्फत त्या खांबाला सांगा," आंबुया म्हणायच्या, "की घरी माझी लेक मेणबत्तीवर सैपाक करते. तिच्या नवऱ्याला डिझेल मिळालं तर त्याने आधी तिला द्यावं."

सगळी सभा हसायची. महापौर हातोडी आपटायचे, पण त्यांच्या गळ्यातली सोन्याची साखळीही हसून हलत असायची. सप्टेंबरच्या त्या मतदानात खांबाआडून एक हात वर आला होता. पक्षाचा आदेश मोडून. तेरावा हात तो होता. आंबुयांनी मागे वळून पाहिलं नाही. सासू बघत नसते.

ऑक्टोबर उजाडला. रस्त्यावरची जॅकरँडाची झाडं फुलांनी जांभळी झाली, उकाडा असा की टंकलेखन यंत्राच्या फितीची शाई बोटांना चिकटायची. गावात कुजबुज होती की मंत्रालय नगरसभा बरखास्त करणार. काही नगरसेवक घाबरून यायचे थांबले, काही शहाणपणा करून. त्या दिवशी घंटा झाली तेव्हा मी मोजले चौदा. श्रद्धांजलीनंतर दोघे निघून गेले. राहिले बरोबर बारा.

विषय क्रमांक तीन: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

मी वाचलं. तेवीस पानं, एक तास दहा मिनिटं. पंखा बंद होता. वाचून संपल्यावर महापौर म्हणाले, "इतिवृत्त बरोबर आहे असं कोण मांडतं?" आंबुया उठल्या.

"मी मांडते," म्हणाल्या. पुढे काही म्हणणार होत्या. पण त्यांचा हात बाकावर सरकला, आणि त्या बाजूला कलंडल्या. साखरेचा आजार होता, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. शेजारच्या बाईंनी त्यांना धरलं. त्या धरण्यात डोक्याचा रुमाल सुटला आणि खाली पडला.

मी आंबुयांचं उघडं डोकं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पांढरे, विरळ, लहान मुलासारखे केस. मी मान खाली घातली.

आणि खांबाआडून ताफुमा उठला. त्याला उठावंच लागलं. उघड्या डोक्याच्या सासूसमोर कुठला जावई बसून राहील? डोळे जमिनीला लावून, हातातली टोपी छातीशी धरून, तो भिंतीच्या कडेकडेने दाराबाहेर गेला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. उलट मनात आलं, दांडगा असला तरी चांगल्या घरचा आहे.

तेवढ्यात पाराद्झा उभे राहिले. दहाव्या प्रभागाचे, ठरावाच्या विरोधातले, हात नेहमी पँटच्या खिशात.

"महापौरसाहेब, कोरम."

कोरमची, म्हणजे किमान हजेरीची, हरकत आली की लिपिकाने तिथल्या तिथे मोजायचं, थांबायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. असा नियम आहे, आणि तो नियम मला पाठ होता. मी उभा राहिलो. बोट न दाखवता, नुसत्या नजरेने, डावीकडून उजवीकडे. अकरा.

दार अर्धं उघडं होतं. उंबऱ्याच्या बाहेर, लाकडी पट्टीच्या अगदी लगत, एका तपकिरी बुटाचं टोक दिसत होतं. ताफुमा तिथेच भिंतीला टेकून उभा होता. सासूचा रुमाल बांधून झाला की आत यायला. तो बूट एक वीत आत असता तर मी बारा म्हणालो असतो.

महापौरांनी माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा मोजा, जायरोस. सावकाश."

मी पुन्हा मोजलं. होईल तितकं सावकाश मोजलं. एकेका चेहऱ्यावर थांबलो. बूट हलला नाही. आतलं काही त्याला ऐकूच गेलं नव्हतं. सासूकडे पाठ करून उभ्या जावयाने कानही तिकडे द्यायचा नसतो.

"अकरा," मी म्हणालो.

हातोडी वाजली. सभा दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत तहकूब.

आंबुयांना कुणीतरी साखरेचं पाणी दिलं होतं. त्या रुमालाची गाठ मारत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "नीट मोजलंस ना?"

"हो, आंबुया."

"मग झालं. या सभेत एक तरी माणूस नीट मोजणारं हवं." मग दाराकडे न बघता हळूच म्हणाल्या, "त्याला कुणी काही बोलू नका. पोरगं रीतीने वागलं."

दुसऱ्या दिवशी दहाला सभागृहाच्या दाराला नवं कुलूप होतं. साडेआठलाच मंत्रालयाचं पत्र आलं होतं: नगरसभा बरखास्त, कारभार पाच जणांच्या आयोगाकडे. पायऱ्यांवर बारा माणसं उभी होती. त्या सकाळी बारा होती. मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

आयोगाचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. निवृत्त अभियंते, बोलणं मऊ. मी सप्टेंबरचं इतिवृत्त घेऊन त्यांच्यापुढे गेलो. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो.

"यावर सही नाही," ते म्हणाले.

"कायम व्हायचं राहिलं, साहेब. एका माणसाने."

"म्हणजे कायम झालं नाही. जी सभाच आता नाही तिचं न झालेलं काम मी कसं पुरं करू?" त्यांनी चष्मा काढला. "आरोग्य खात्याकडून नवा प्रस्ताव येऊ द्या. अंदाजपत्रकात बघू."

अंदाजपत्रक पुढच्या वर्षी होतं. आरोग्य खात्याने कागद वित्त खात्याकडे पाठवला. ती दारं मला चांगली माहीत होती.

त्यानंतर आंबुया दर मंगळवारी यायला लागल्या. नगरसेवक असताना सभा मंगळवारी असायची, म्हणून मंगळवार. आत यायचा पास त्यांच्याकडे राहिला नव्हता. नगरभवनाच्या तिसऱ्या पायरीवर बसायच्या, पाय लांब करून, पिशवी मांडीवर. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो की एकच प्रश्न.

"वाचलं का त्यांनी?"

"वाचलंय, आंबुया. पाठवलंय पुढे."

"पुढे म्हणजे मागे की पुढे?"

मला हसू यायचं. त्याही हसायच्या. शेंगदाणे द्यायच्या. मी त्यांच्याशेजारी बसून खायचो, आणि प्रत्येक वेळी म्हणायचं ठरवायचो की आंबुया, मला बूट दिसत होता. प्रत्येक वेळी सुट्टी संपायची.

डिसेंबरच्या एका मंगळवारी पाऊस होता. त्या भिजत बसल्या होत्या. शेंगदाणे नव्हते, प्रश्न नव्हता. मग म्हणाल्या, "आमच्या गल्लीतली सेकेसाई. ती शिवणकाम करते ना, तिची लेक."

"काय झालं?"

"बसथांब्यावर झालं." मग पिशवीची गाठ सोडली, पुन्हा मारली. "मुलगा होता. रडला नाही."

मी तिथेच उभा राहिलो. माझ्या गळ्यात किल्ली होती, ती मी मुठीत धरली. त्यांनी ते पाहिलं.

"तू मोजलंस ते बरोबरच मोजलंस," म्हणाल्या. "मला हे रोज स्वतःला सांगावं लागतं. तूही सांगत जा."

फेब्रुवारीत आंबुया गेल्या. पायाला जखम झाली, ती चिघळली, आठ दिवसांत संपलं. लेकीने निरोप पाठवला. निघताना मी खण उघडला आणि सप्टेंबरच्या इतिवृत्ताची दुसरी प्रत काढली, कार्बनची, जांभळट अक्षरांची. मेलेल्या माणसासोबत त्याच्या आवडीची एखादी वस्तू देतात. माझ्याजवळ त्यांचं दुसरं काहीच नव्हतं.

चिटुंगोच्या त्या दोन खोल्यांच्या घरासमोर शेकोटी पेटली होती. पुरुष अंगणात बसले होते. ताफुमा एकटा बाजूला लाकडं फोडत होता. मयताच्या घरी लाकूड, पाणी, खड्डा, ओझं, ही जावयांची कामं. त्याने मला पाहून कुऱ्हाड थांबवली, ओंजळीच्या हलक्या टाळ्या वाजवून आमच्या रीतीने नमस्कार केला, आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली. पायात तेच तपकिरी बूट होते. चिखलाने भरलेले.

आतून गाणं येत होतं, आणि मधूनच हसू. परक्याला ते विचित्र वाटेल, पण आमच्याकडे मयताच्या घरी सुनांना सगळं माफ असतं. घरच्या, भावकीच्या, सगळ्या सुना जमतात आणि गेलेल्या माणसाची नक्कल करतात. त्याचे कपडे घालतात, त्याच्यासारखं चालतात, त्याच्यासारखं रागावतात. जिवंतपणी जे बोलता आलं नाही ते त्या दिवशी त्याला ऐकवतात. रडणाऱ्यांना हसवतात, आणि हसता हसता पुन्हा रडवतात.

मी दारातून डोकावलो. खोलीतलं सामान बाहेर काढलेलं, भिंतीला लागून बायका जमिनीवर बसलेल्या, मधोमध शवपेटी. आणि पेटीसमोर नगरसभा भरलेली होती.

थोरली सून वायोलेट आंबुयांचा राखाडी कोट घालून उभी होती. दोऱ्याने बांधलेला चष्मा, मान वाकडी, हुबेहूब. एका सुनेने कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची माळ गळ्यात घातली होती, ती महापौर. तिच्यासमोर पाटावर मक्याच्या पिठाचा घट्ट सादझा ढवळायचा, पिठाने माखलेला दांडका आडवा ठेवला होता, तो सभेचा राजदंड. एक किडकिडीत सून कंबरेच्या कापडात हात खुपसून बसली होती. कोण ते सांगायची गरज नव्हती.

"महापौरसाहेब," वायोलेट म्हणाली, "हा खांब आज बोलत का नाही?"

"खांब बाहेर लाकडं फोडतोय," महापौर म्हणाल्या. "खांबाला आज घाम फुटलाय."

बायका हसल्या. हसत हसत एकीने कंबरेच्या कापडाच्या टोकाने डोळे पुसले. वायोलेटने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि हा कोण दारात? क्लार्कसाहेब, तुम्हाला वेगळं आमंत्रण पाहिजे? या की आत. टेबल नाहीये, मांडी घाला. कागद आणलाय?"

"आणलाय," मी म्हणालो.

तिने ते नाटकात म्हटलं होतं. माझ्या हातात खरंच कागद होते.

"कसला?"

"सप्टेंबरचं इतिवृत्त. पेटीत ठेवायला."

गाणं थांबलं. वायोलेटने माझ्या हातातून पानं घेतली, शेवटच्या पानावर सहीची रिकामी रेघ बघितली. आणि जेव्हा बोलली तेव्हा आवाज पुन्हा आंबुयांचा होता.

"असं अर्धवट मी नेणार नाही. आधी कायम करा."

महापौरांनी दांडका पाटावर आपटला. पीठ उडालं. "विषय क्रमांक तीन."

तेव्हा ती किडकिडीत सून उठली. तिने ते म्हटलं, कारण ते म्हटल्याशिवाय नक्कल पुरी झाली नसती.

"महापौरसाहेब. कोरम."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मत फक्त सुनांना," महापौर म्हणाल्या. "मोजा, क्लार्कसाहेब. नीट मोजा."

मी उभा राहिलो. खोलीत बायका तीसेक असतील, पण सुना वेगळ्या बसल्या होत्या. मी डावीकडून उजवीकडे मोजलं. मी पुन्हा मोजलं.

"अकरा," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. बाहेर कुऱ्हाड थांबली होती. मग कोपऱ्यातून एका म्हातारीने हळू आवाजात सुरू केलं, आणि बाकीच्यांनी पायाचा ठेका धरला:

*अकरा गं मोजल्या, बारावा गं दारी,*
*पाऊल राहिलं उंबऱ्याच्या बाहेरी.*
*मोजणाऱ्या दादा, नजर तुझी खरी,*
*खऱ्या नजरेला गं पाणी आलं तरी.*

दारातल्या पावलाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं; आंबुयांनीच घरी सांगितलं असणार. वायोलेटने गाणं संपू दिलं. मग ती कोट सावरत दाराशी गेली.

"जावईबापू."

ती एक पाऊल पुढे सरकली.

"जावईबापू, जावई म्हणजे कोण? सुनेसारखाच, दुसऱ्याच्या घरून आलेला. तुम्हाला मत आहे. या."

"मी आत येत नाही," ताफुमाचा आवाज आला. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढासा आवाज. "आंबुया आहेत."

"आंबुया आहेत म्हणूनच या. बाजारात टायर विकायला बोलावत नाही तुम्हाला."

तो दाराशी आला. मला आधी बूटच दिसले. उंबऱ्याच्या बाहेर, लाकडी पट्टीच्या अगदी लगत, तसेच. मी त्या बुटांकडे बघत राहिलो. खोलीतल्या सगळ्याच बायका त्या बुटांकडे बघत होत्या.

मग तो वाकला. बंद सोडले. बूट काढून बाजूला ठेवले, टोपी काढून त्यांवर ठेवली, आणि अनवाणी, गुडघ्यांवर, डोळे जमिनीला लावून उंबरा ओलांडून आत आला. पेटीपासून जितकं दूर बसता येईल तितकं दूर, दाराच्या कोपऱ्यात, पाय एका बाजूला दुमडून बसला.

मला कुणी सांगितलं नाही. मी मोजलं.

"बारा," मी म्हणालो.

मी वाचलं. तेवीस पानं नाही, एकच ठराव. चिटुंगो दवाखान्यातील प्रसूतिकक्ष दिवसरात्र खुला ठेवणे, दोन परिचारिका, एक जनरेटर. बाजूने तेरा, विरुद्ध सहा.

"हे बरोबर आहे असं कोण मांडतं?"

"मी मांडते," वायोलेट म्हणाली. याच शब्दांवर आंबुया सभेत कोसळल्या होत्या. वायोलेट उभी राहिली.

"कायम?"

"कायम," एक सून म्हणाली. "कायम." "कायम." भिंतीलगत बसलेल्या, मत नसलेल्या बायकाही म्हणू लागल्या. महापौरांनी दांडका उचलून धरला आणि ताफुमाकडे पाहत राहिल्या.

"खांबाचं काय म्हणणं?"

त्याने ओंजळ जोडली. हलक्या टाळ्या वाजवल्या, पेटीच्या दिशेने, डोळे न उचलता.

"महापौरांमार्फत," तो म्हणाला. "महापौरांमार्फत आंबुयांना कळवावं, की मी आत आहे."

महापौर झालेल्या त्या पोरीने दांडक्याचं पीठ अंगठ्याला लावलं आणि सहीच्या रेघेवर ठसा उमटवला. वायोलेटने पानांची घडी केली. चष्मा काढला, तोही घडीवर ठेवला. कोट मात्र तिच्या अंगातून निघेना. बाही धरून ती उभीच राहिली, आणि मग तो आवाज तिचा स्वतःचा होता, ती रडत होती.

दुसऱ्या दिवशी आंबुयांना त्यांच्या गावी, न्यामुत्साला नेलं. पेटीचं डोक्याकडचं टोक ताफुमाने धरलं होतं. पानं त्यांच्या हाताखाली होती.

पहिली प्रत माझ्या खणात आहे. तिच्यावरची रेघ कोरीच आहे. ती भरायचा अधिकार कुणालाच नाही, आणि चिटुंगोच्या खोलीला अजून साडेचारला कुलूप लागतं.

त्यानंतरच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी सवयीने बाहेर आलो. पायऱ्यांवर ताफुमा बसला होता. तिसरी पायरी त्याने मोकळी सोडली होती. तो तिच्या खालच्या पायरीवर होता, एका कडेला, टोपी गुडघ्यावर.

"वाचलं का त्यांनी?" त्याने विचारलं.

"वित्त खात्यात आहे."

"म्हणजे मागे की पुढे?"

मी त्याच्या पायरीवर बसलो. आम्हा दोघांच्या वरची पायरी उन्हात रिकामी होती. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली, शेंगदाणे होते, जरा जास्तच भाजलेले.

"बायकोने दिलेत," तो म्हणाला. "पुढच्या मंगळवारी बरे भाजते म्हणाली."